घोंगडीचं दुसरं टोक

कुत्र्याचं चित्र काढून हवं असतं आणि लोक फोटो पाठवतात शेपटीचे. पाटोद्यात मी फोटोवरून पाळीव जनावरांची चित्रं काढते, त्यामुळे डोकं फिरायचे प्रसंग रोजचेच. सिरसाळ्याकडच्या ऋतुजानं वारलेल्या आजोबांच्या कुत्र्याचे, टिप्याचे फोटो पाठवले, तेही असलेच. वरून काढलेले, अंधारे, हललेले.

मी फोनवर झापलंच. "खाली बस. मोबाईल त्याच्या डोळ्यांसमोर धर. फ्लॅश नको, सकाळचा उजेड डोळ्यांत दिसला पाहिजे. आणि त्याला हलू देऊ नको."

"ताई, त्यो एका जागी बसतच न्हाई. आजोबा गेल्यापासून रानात त्यांलाच हुडकत फिरतोय. लई थकलाय. आजी म्हणती, ह्यो बी जायच्या आधी चित्र काढून घे."

मग नवे फोटो आले आणि मी खूश झाले. टिप्या काळ्या घोंगडीवर बसलेला, कान टवकारलेले, डोळ्यांत उजेड. सकाळचे फोटो, संध्याकाळचे, पुन्हा सकाळचे. सगळ्यांत तीच घोंगडी, बसायची तीच ढब. शहाणी आहे पोरगी, म्हटलं.

तेवढ्यात तिचाच फोन. रडत होती. "ताई, त्यो उठतच न्हाई."

तिचे आजोबा बंकट मेंढरं राखायचे. मेंढरं पाण्यावर नेताना घोंगडी बांधावर टाकायचे आणि राखणीला टिप्याला बसवायचे. परत येऊन त्यांनी घोंगडी उचलली की मगच तो उठायचा. ऋतुजाला वाटलं, घोंगडी टाकली की गप बसेल. बसला. आता पाणी पुढं ठेवलं तरी तोंड लावेना, घोंगडीला हात लावला की गुरगुरे. मालकाची वाट बघत तिथंच मरणार होता. "आजीला सांग," एवढंच म्हणाले.

आजीनं, साखराबाईंनी, नवऱ्याचा पटका डोक्याला गुंडाळला, त्यांची काठी घेतली आणि घोंगडीचं टोक धरलं. टिप्या उठला. ऋतुजानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

तो फोटो माझ्यापुढे आहे. टिप्या साखराबाईंकडे बघत नाही. त्यांच्या शेजारी, उंच माणसाचं तोंड असेल तिथं बघतोय. घोंगडीचं एक टोक साखराबाईंच्या हातात आहे. दुसरंही जमिनीवरून उचललेलं, कोणी धरावं तसं ताणलेलं. वारा असेल, म्हटलं. पण त्यांचा पदर सरळ खाली लोंबतोय. मी घाबरले, खोटं कशाला बोलू.

चित्र मी तसंच काढलं. साखराबाईंच्या शेजारची जागा मोकळी ठेवली. चित्र पोचल्यावर त्यांचा फोन आला. म्हटलं, आता विचारतील, इथं काहीच कसं नाही.

"जागा सोडली ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकांला दाटी सोसत न्हवती. टिप्या आता चित्राखालीच बसून असतो. रानात हुडकायला जात न्हाई."