ढिला करून ठेवलेला पुढचा ब्रेक

मित्रांनो, रिठद गावात वाशीम रस्त्यावर खेमा मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्याच्या दाराशी पत्र्याचा कापलेला डबा असतो. त्यातल्या भंगारात मी, एक जुना पुढचा ब्रेक, पडून आहे. मुठीजवळची दांडी, एक वायर आणि चाकाच्या पोटातले, ड्रमला घासून चाक थांबवणारे दोन लायनर, एवढाच माझा संसार. लायनर अजून नव्यासारखे आहेत. त्याचं मला कौतुक नाही, कारण ज्याला कोणी कामच सांगितलं नाही तो झिजणार कसा?

कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा गरगरतं चाक मी सहज थांबवलं होतं. मग रिठदच्याच उकंडरावांच्या मोटारसायकलीवर बसून मी गावात आलो. सुरुवातीला माझे फार लाड झाले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझ्या दांडीला निळी रिबीन बांधली होती. त्यांची मुलगी धम्मदीपा तेव्हा दुसरीत होती. टाकीवर बसून ती मला दाबून बघायची, पण तिची बोटं पुरायची नाहीत. तेव्हापासून माझा तिच्यावर जीव.

त्याच उन्हाळ्यात उकंडराव नव्या गाडीवर बहिणीच्या सासरी गेले. दारात मंडळी बसलेली. ते बघून उकंडरावांना रुबाब सुचला. गिट्टीवर गाडी वळवता वळवता त्यांनी मला एकदम करकचून आवळलं आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी आडवे झाले. लागलं काही नाही, पण मंडळी पोट धरून हसली. हा अपमान कोणाच्या तरी माथी मारायलाच हवा होता.

"खेमा, पुढचा ब्रेक मानसाले उलथा पाडते. ढिला करून दे याले," दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले. मिस्त्रींनी नट फिरवला. गावातले निम्मे लोक हेच करून घेतात. त्या दिवसापासून दांडी पार मुठीला टेकली तरी माझे लायनर ड्रमला शिवत नसत. अशी बारा वर्षं मी नुसता मिरवण्यापुरता राहिलो.

बारा वर्षांत धम्मदीपा मोठी झाली, चांगली उंचनिंच झाली. तिने पोलीस भरतीचा ध्यास घेतला. पहाटे उठून ती याच रस्त्यावर धावायची. घरातली पहिली नोकरी तीच आणणार, हे तिच्या आईने, रत्नमालाबाईंनी, मनात पक्कं धरलं होतं. मैदानी चाचणीची तारीख आली ती नेमकी पावसाळ्यात.

"बाबा, पुढचा ब्रेक कसून घ्या ना. आमच्या सरनं सांगतलं, पाण्यात दोन्ही ब्रेक संगच लावा लागते, हळूहळू," ती आदल्या दिवशी म्हणाली.

"तुया सरले म्हना, तुया जन्माच्या आंधीपासून गाडी चालवून राह्यलो मी," उकंडराव हसून म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

चाचणीच्या सकाळी बापलेकीला निघायला उशीर झाला. पाऊस बारीक होता. पेरणीचे दिवस, त्यामुळे शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळी माती डांबरावर आणून टाकली होती. अशी माती भिजली की साबण होते, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. तरी उकंडरावांनी वेग सोडला नाही. वळणावर पांदणीतून, म्हणजे शेतवाटेतून, ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी आली. त्यांनी मागच्या ब्रेकवर सगळा भार दिला आणि मागचं चाक सरकलं. मग, मित्रांनो, बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हाक मारली. चारही बोटांनी मला आवळलं. मी मुठीला टेकलो, आणि पलीकडे काहीच घडलं नाही.

कसलेला असतो तर मी तिला नक्की वाचवलं असतं, अशी बढाई मी मारणार नाही. त्या वेगात, त्या चिखलात, शेवटच्या क्षणी माझंही फारसं चाललं नसतं. मला हाक मारायची असते ती वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, हलक्या हाताने.

उकंडरावांचं कोपर खरचटलं. धम्मदीपाचा गुडघा गाडीखाली सापडला आणि चुरा झाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं तिचं प्रवेशपत्र मात्र कोरडं राहिलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला उकंडराव सांगायचे, "पुढचा दाबल्या गेला ना बाप्पा, तिथंच घात झाला." लोक माना डोलवायचे. महिनाभर हे ऐकल्यावर खाटेवरून धम्मदीपा चारचौघांत म्हणाली, "बाबा, पुढचा लागलाच कुठं? तो त तुमीच ढिला करून ठेवला होता."

 दुसऱ्या दिवशी उकंडरावांनी मला दांडी-वायरीसकट काढून टाकायला लावलं. आणि पुढच्या ब्रेकनेच घात केला हे उकंडरावांचं बोलणं खरं मानून त्याच आठवड्यात आणखी चार जण गॅरेजवर आले, आपापले पुढचे ब्रेक ढिले करून घ्यायला. पोरीचा गुडघा गेला आणि गाव शिकलं ते हे. मला याची फार चीड येते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीची उजवी दांडी एकदा दाबून बघा. ती मुठीला टेकत असेल तर हट्ट धरा, रुसा, जेवू नका, पण ती कसून घ्यायला लावा. ओल्या रस्त्यावर गाडी हळू असावी, पुढच्या वाहनापासून लांब असावी, आणि वेग दोन्ही ब्रेकांनी मिळून आधीच उतरवावा. मोठी माणसं हसतील. हसू द्या.

धम्मदीपाला आता दर सोमवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी वाशीमला जावं लागतं. तिला एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून बापाच्या मागे बसूनच जाते. आज सोमवार आहे आणि सकाळपासून झड लागली आहे. ती गाडी आत्ताच गॅरेजवरून गेली. मागे बसलेली धम्मदीपा बापाच्या खांद्यावरून उजव्या मुठीकडे बघत होती, जिथे आता मी नाही. पुढे ते वळण आहे. गाडीचा आवाज काही मंदावला नाही.