पिटाचं ताट

"जाड्या, तू बसलास तर नाव बुडेल," असं चर्चसमोर म्हणून चुलतभाऊ पिटाने शर्यतीच्या नावेतली फेतूची जागा घेतली. सगळं गाव हसलं. फेतूने तेव्हाच सूड घ्यायचं ठरवलं.

पिटा नुकताच कुळाचा प्रमुख झाला होता. प्रमुखाने आधी जेवायचं आणि वाढणाऱ्याने मागाहून उरलंसुरलं खायचं, ही सामोआची रीत. फेतूने वाढायचं काम आपणहून मागून घेतलं. नारळाच्या दुधातली अळूची पानं, मेंढीचं चरबीदार मांस, डब्यातलं बीफ तो पिटाच्या ताटात रचत राही. सगळ्यांदेखत नको म्हणणं प्रमुखाला शोभत नसे. पिटा रोज पहाटे टेकडी धावत चढे, तरी सुटतच चालला. फेतू पाऊलभरही धावला नाही. उरलेल्या माशावर भागवून तो सडसडीत झाला.

शर्यतीच्या दिवशी नाव पिटाच्या बाजूला कलली. सुकाणूवाल्याने त्याला उतरवून फेतूला बसवलं.

"अरे, मी रोज टेकडी चढतो!" पिटा ओरडला.

"चढतोस रे दादा, पण जेवतोस माझ्या हातचं," फेतू वल्हं उचलत म्हणाला. "रविवारी डुक्कर भाजतोय. पहिलं ताट तुझंच."