पांढऱ्या अ‍ॅलिगेटरचा तक्ता

मी तोंडाची फटकळ, हे साताऱ्यापासून जयपूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. खोटं मला जमत नाही, असं चारचौघांत मिरवायची मी. जमलं ते फक्त पोटच्या पोरीच्या बाबतीत.

वल्लरीच्या अंगात जन्मापासून रंगद्रव्य नाही. केस, पापण्या, कातडी, सगळं पांढरं. उन्हात तिचे डोळे मिटतात, पुस्तक नाकाला लावून वाचते. परीक्षितची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, विमा कंपनीतून इथे जयपूरला बदली झाली आणि आम्ही विद्याधर नगरला आलो, तेव्हा मी आधी जाड पडदे विकत घेतले. इथलं ऊन म्हणजे तापलेला तवा.

पाचवीत विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला, पांढरे अ‍ॅलिगेटर.

"म्हणजे मगरच ना गं?" मी विचारलं.

"नाही आई. अ‍ॅलिगेटरचं तोंड जास्त रुंद असतं. मतलब, मगरीची चुलत बहीण समज."

परीक्षितने सायबर कॅफेतून चित्रं छापून आणली. पांढऱ्यांतही दोन प्रकार असतात म्हणे. एकाच्या डोळ्यांत रंग उरलेला असतो, ते निळे दिसतात. दुसऱ्याच्या अंगात रंगाचा कणही नसतो, डोळ्यांतलं रक्तच गुलाबी दिसतं. "मी या दुसऱ्यातली," ती म्हणाली. हजेरीचा नंबर सांगावा इतक्या सहज.

त्याच वर्षी, २००६च्या संक्रांतीला, आमच्याकडे हळदीकुंकू होतं. जयपुरातल्या वीसेक मराठी बायका यायच्या होत्या. मी हौसेने जुनी चंद्रकळा फाडून वल्लरीला परकर-पोलकं शिवलं होतं. ते घालून ती समोर उभी राहिली, आणि काळ्यावर ती इतकी पांढरी दिसली की माझा धीरच सुटला. नव्या बायका, त्यांचं ते 'अगं बाई, असं कसं झालं?' मी म्हटलं, "तू आतच बस बाळा. बाहेर ऊन आहे." ऊन कुठलं आलंय? संध्याकाळ झाली होती आणि पडदे मीच ओढले होते.

मंदाकिनीकाकू आमच्यात सगळ्यांत वडील. तीळगूळ घेताना म्हणाल्या, "लेक कुठंय गं? तिच्यासाठी हलव्याचा हार केलाय मी."

"तिचे डोळे आलेत, काकू."

वेळ मारून नेली. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं, हे मला बायका गेल्यावर दिसलं.

वल्लरी तोच परकर घालून जमिनीवर बसली होती, तक्ता रंगवत. मी लाडीगोडी लावत म्हटलं, "वाच बघू काय लिहिलंस." तिने मान वर न करता वाचलं. "पिल्लं अंड्यातूनच ओरडतात. ते ऐकून आई घरटं उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते. पांढरं पिल्लू रानात फार जगत नाही. त्याला लपता येत नाही आणि ऊन भाजतं."

मग म्हणाली, "आई आवाजावर येते. रंग बघत नाही. हेपण लिहू?"

"लिही," एवढंच म्हणाले मी. माफी मागायला हवी होती. पण जगाला सुनावणारी माझी जीभ तेवढ्यापुरती मेली. रात्री परीक्षितलाही सांगितलं नाही, इतकी लाज वाटली. तक्त्याला दुसरं बक्षीस मिळालं. काकू ठेवून गेल्या तो हार डब्यात विरघळून गेला.

पुढच्या संक्रांतीला मी शहाणी झाले होते. नवा काळा परकर शिवला. काकूंना मुद्दाम सांगून पुन्हा हार करवून घेतला. बायका जमल्यावर सगळ्यांदेखत हाक मारली, "वल्लरी, बाहेर ये गं, काकू थांबल्यात." ती येईना. उठून गेले, तर दाराला आतून कडी. मी खालच्या आवाजात खूप विनवलं. काय काय म्हणाले आठवत नाही. वर्षभर गिळलेली माफीसुद्धा त्या दाराला तोंड लावून मागितली.

आतून ती शांतपणे म्हणाली, "काकूंना सांग, माझे डोळे आलेत."

मी बाहेर आले. काकू हार हातात धरून बसल्या होत्या. त्यांना मी तेच सांगितलं.