पितळी खिळ्यापर्यंतचं ऊन

"पाळणा तिथे ठेवू नकोस, हिवाळ्यात ऊन थेट बाळाच्या डोळ्यांवर येईल," असं बाबांनी उन्हाळ्यातच बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. ऊन खोलीत इतकं आत शिरेल, हे कॉलेजात शिकूनही तिला पटेना.

आज, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, भर दुपारी ऊन खरंच पाळण्यात उतरलं आणि बाळाने भोकाड पसरलं. पाळणा सरकवताना तिला बाबांचं शिवणकामाचं दुकान आठवलं. या दिवशी खिडकीतलं ऊन जिथवर पोचे, तिथे त्यांनी जमिनीत पितळी खिळा ठोकला होता. ऊन खिळ्याला टेकलं की बाबा कात्री खाली ठेवत, तिला कडेवर घेत आणि म्हणत, "बघ ठमे, सूर्य मागे फिरला. आता दिवस मोठा होणार!" लग्नानंतर हेच ते दरवर्षी फोनवर सांगत.

आज दुपार टळली तरी फोन नव्हता. शेवटी तिनेच लावला.

"बाबा, बरे आहात ना? आज सूर्य फिरला!"

"आज होय?" बाबा ओशाळले. "दुकान विकून तुझ्या दादाकडे आलो ना, इथे माझ्या खोलीत ऊनच येत नाही गं. कळलंच नाही."

"मग इकडे या. नातीच्या खोलीत खिळा ठोकायचाय."

"हातोडी आहे का घरात?"

ती डोळे पुसत हसली. तुमच्याकडेही कुणाचा नेहमीचा फोन यायचा राहिला असेल, तर आजच विचारा, त्यांच्या खोलीत ऊन येतं का?