बारा सदतीसच्या अक्षता

लग्नपत्रिकेवर अक्षतांची वेळ छापलेली असते आणि ती पाळायची नसते, हे धाराशिव जिल्ह्यातल्या पोराला दात यायच्या आधी कळतं. वेळ बारा सदतीसची असली की माणूस एक वाजता आंघोळीला जातो. दोनला मंडपात पोचतो आणि नवरदेव अजून मारुतीच्या दर्शनालाच आहे असं कळलं, की फार लवकर आलो म्हणून स्वतःवरच चिडतो.

शांतलिंगअप्पांना मात्र हे एकसष्ट वर्षांत समजलं नव्हतं. दोष त्यांचा नव्हे, नोकरीचा. ढोकीकडच्या साखर कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं भोंगा वाजवला. पाळीला कुणीही असो, दुपारी बाराचा भोंगा अप्पांचा. त्यावर आसपासच्या सात गावांत तव्यावर भाकरी पडायची. एका शेतकऱ्याचे बैल तर भोंगा झाला की रानात जिथे असतील तिथे उभे राहायचे. मग आसूड ओढा नाहीतर पाया पडा, ते हलत नसत. निवृत्त होऊन जळकोटला घरी आल्यावर अप्पांच्या लक्षात आलं, की आपल्या आयुष्यात त्या बैलांशिवाय कुणीही वेळेवर वागलेलं नाही. त्यांचं स्वतःचं लग्न अकरा एकोणपन्नासचं होतं. चुलते टोपीवरून रुसले आणि ते तीन वाजता लागलं.

म्हणून शिवरंजनीच्या, म्हणजे एकुलत्या एका लेकीच्या, साखरपुड्यात अप्पांनी अट घातली. हुंडा-मानपान सोडून बाकी कशाबद्दल अट असू शकते हे व्याह्यांना नवीनच होतं. व्याही शरणप्पा मुरूमचे, कापडाचे व्यापारी.

"अक्षता बारा सदतीसला म्हंजी बारा सदतीसला," अप्पा म्हणाले. "छत्तीसला न्हाय, अडतीसला न्हाय."

शरणप्पा इतके हसले की पेढा घशात अडकला. "पाव्हणं, लई गमतीदार मानूस बघा तुमी," ते पाणी पिऊन म्हणाले. "दिला शब्द."

आता ही वरची सात मिनिटं कुठून येतात, यावर अप्पांनी पुष्कळ विचार केला होता. महाराष्ट्रात साडेबाराचं लग्न नसतं. बारा सदतीसचं असतं, अकरा एकोणपन्नासचं असतं. तिकडे आकाशात ग्रह मिनिटाला मिनिट जुळवून, श्वास रोखून उभे राहतात. आणि इकडे नवरदेवाच्या करवल्याचा बूट सापडत नाही. ग्रह तरी किती वेळ थांबणार? जातात बिचारे आपापल्या कामाला. म्हणजे नेमक्या मुहूर्तावर लागलेलं लग्न जिल्ह्यात आजवर कुणी पाहिलेलंच नाही. सगळे संसार बिनमुहूर्ताचे, आणि ते कसे चाललेत ते आपण रोज ऐकतोच. आपल्या पोरीचा तरी एक संसार छापलेल्या वेळेवर सुरू व्हावा, एवढंच अप्पांचं मागणं होतं.

लग्नाच्या दिवशी त्यांनी तयारी चोख ठेवली. कार्यालय जळकोटच्या हायवेवर. स्वामींना, म्हणजे लग्न लावणाऱ्या जंगमांना, सकाळी नऊलाच आणून एका खोलीत बसवलं, चहा दिला आणि बाहेरून कडी लावली. स्वामींना त्या दिवशी आणखी दोन लग्नं होती. निरोप समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ अप्पांनी स्टेजच्या खांबाला टांगलं आणि रेडिओच्या बातम्यांशी जुळवलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी नवरदेव मारुतीपुढे घोड्यावर होता. पुढे डीजे, आणि त्याच्यापुढे पन्नास-साठ पोरं दोन्ही हात वर करून, आज जगाचा शेवट आहे अशा आवेशानं नाचत होती. अप्पा चालत गेले. जनरेटर बंद केला, किल्ली काढली, खिशात टाकली.

एकदम शांत झालं. नवऱ्याकडचा एक मामा तेवढा अर्धा मिनिट नाचत राहिला, कारण तो मुळात गाण्यावर नाचतच नव्हता.

"कोन हाय रं ते?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"नवरीचा बाप," अप्पा म्हणाले. "चला."

नवरदेव नंदीश पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायचा. तो घोड्यावरून वाकून अदबीनं म्हणाला, "मामा, यादीत अजून चार गाणी आहेत."

"यादीत लगीन बी हाय. उतरा."

बारा चौतीसला नवरा-नवरी स्टेजवर उभे होते. सहाशे खुर्च्यांपैकी एक्केचाळीसवर माणसं होती. त्यातले अकरा आचारी, अप्पांनी स्वयंपाकघरातून झाऱ्यांसकट बोलावून बसवलेले. माइकवाला योगीराज अजून तुळजापुरात होता. व्हिडिओवाला पोहे खात होता. बाहेरची कडी निघाल्या-निघाल्या स्वामींनी मंगलाष्टकं अशी काही म्हटली, की नवऱ्याला सावधान व्हायलाही सवड मिळाली नाही.

अप्पांनी हातात अक्षता घट्ट धरल्या होत्या. सेकंदाचा काटा वर चढत होता. पन्नास, पंचावन्न. काटा बारावर आला आणि अप्पा म्हणाले, "आता!"

अक्षता पडल्या. बारा सदतीस. छातीत भोंग्याच्या वाफेचा तो जुना दणका उठला. त्यांनी ती वेळ डोळे भरून पाहिली.

दीड वाजल्यापासून पाहुणे येऊ लागले.

"लागलं?"

"लागलं."

"कधी?"

"बारा सदतीसला."

"का?"

लग्न चारला लागलं तर कुणी 'का' विचारत नाही. पण वेळेवर लागलं, तर काहीतरी कारण असणारच! नवऱ्याच्या आत्या गंगम्मा कर्नाटकातून, आळंदहून, पावणेदोनला आल्या. भावाच्या पोराच्या अक्षता चुकल्या म्हणून आधी रडल्या आणि मग डोळे पुसून म्हणाल्या, "काय तरी असल्याबिगर कुनी एवढी घाई करतंय का?"

हे वाक्य जेवणाच्या पंगतीत गेलं. वाढपी वरणाबरोबर तेही वाढू लागले. पहिल्या पंगतीला पोरगी एक वाजता कुणाबरोबर तरी पळून जाणार होती. दुसऱ्या पंगतीला स्वामींना खोलीत कोंडून लग्न लावून घेतलेलं होतं, आणि दुर्दैवानं हे खरं होतं. सव्वादोनला मठ्ठा आला, तोवर शिवरंजनीला तिसरा महिना लागला होता.

शरणप्पांनी अप्पांना स्वयंपाकघरामागे नेलं. आता ते हसत नव्हते.

"पाव्हणं, माझ्या पोराच्या लग्नाला माझी भैन न्हवती. डीजे न्हवता. आमदारसाहेब पावणेतीनला यायच्यात, त्यांनी कुनावर अक्षता टाकायच्या? वाढप्यांवर? पुन्यांदा लावा."

"लागल्यालं लगीन पुन्यांदा कसं लावायचं?"

"लागलंच न्हवतं म्हना."

"म्हंजी खोटं बोलू?"

"नगा बोलू. पोरगी आज हितंच ठिवा. लोकांची तोंडं मिटली की येतो न्यायला."

महानंदा, अप्पांची बायको, पातेल्याच्या आडून सगळं ऐकत होती. ती पुढे आली. "अवो, जलमभर बैलांकडून वावा मिळवली," ती म्हणाली. "आज एक डाव मानसांचं ऐका. माझी पोरगी मांडवातनं माघारी घरी यायची न्हाय."

अप्पा शेवटच्या आशेनं स्वामींकडे गेले. शास्त्र तरी आडवं येईल! स्वामींनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं. "पंचांगात जागा असते," ते म्हणाले. "दोन बावन्नला विजय मुहूर्त आहे."

"हे सकाळी का न्हाई सांगितलं?"

"सकाळी बाहेरून कडी होती."

पावणेतीनला साहेब आले. त्यांच्याबरोबर अडीचशे माणसं आली, त्यातल्या कुणालाही नवरीचं नाव माहीत नव्हतं. योगीराजनं माइक अप्पांच्या हातात दिला. तशी शरणप्पांची अटच होती, दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालणार नव्हतं. अप्पांनी माइक तोंडाशी धरला. तेहतीस वर्षांत त्यांचा एकही भोंगा खोटा वाजला नव्हता.

"सर्व पाव्हण्यांना शरणू शरणार्थी," ते म्हणाले. "मघाशी... मघाशी जे झालं ती रंगीत तालीम हुती. लगीन आता हाय."

सगळ्या मांडवानं सुटकेचा निःश्वास टाकला. टाळ्या पडल्या. गंगम्मांनी सर्वांत जास्त वाजवल्या आणि तिसरा महिना तिथल्या तिथे मागे घेतला. साहेबांनी भाषणात सांगितलं, की प्रत्येक लग्नाची अशी तालीम झाली तर समाजाचं कल्याण होईल. त्यालाही टाळ्या पडल्या. अप्पांनी खिशातली किल्ली डीजेवाल्याला परत दिली.

दोन बावन्नच्या अक्षता तीन अकराला पडल्या, कारण मध्येच साहेबांना फोन आला. वर ड्रोन घोंघावत होता. चित्रात वाईट दिसतं म्हणून व्हिडिओवाल्यानं खांबावरचं घड्याळ काढून खुर्चीखाली ठेवलं होतं. कुठे बघावं ते अप्पांना कळेना, म्हणून ते समोर बघत राहिले. शिवरंजनीच्या बाशिंगाचा दोरा कानामागे काचत होता. हनुवटीवरच्या पुटकुळीवर तिनं पावडर लावली होती, आणि ती पुसली गेली होती. तिनं मान वर केली, गर्दीत कुणालातरी शोधलं, अप्पा दिसले आणि ती लहानपणी जत्रेत हरवून सापडली होती तशी हसली. अप्पांनी अक्षता टाकल्या.

पाठवणी झाली. रडून दमलेली महानंदा बाजूला झाली, तेव्हा अप्पा गाडीच्या काचेशी वाकले.

"शिवा, एक खरं सांग. तू कुठलं धरशील? पैलं का दुसरं?"

"दुसरं," ती लगेच म्हणाली.

अप्पांना वाटलं होतं, निदान विचार करेल. "तू बी? अगं, पैलं मुहूर्तावर लागलं हुतं. मिनिटाला मिनिट."

"आप्पा," शिवरंजनी म्हणाली, "पैल्या टायमाला मी मान वर केली, तवा तुमी घड्याळाकडं बघत हुता."

अप्पांनी तोंड उघडलं. आता काहीतरी बोलायला हवं होतं. काय ते जिभेवर येतही होतं, थोडा वेळ मिळाला असता तर आलंही असतं.

"पाव्हणं, सोडा आता," पुढच्या सीटवरून शरणप्पा मनगटावर बोट आपटत म्हणाले. "स्वामींनी गृहप्रवेश पाच छप्पनचा दिलाय. एक मिनिट हिकडं-तिकडं झालेलं चालायचं न्हाय."

काच वर गेली. पोचल्याचा फोन आला, तो बरोबर पाच छप्पनला.