पाच वर्षांचा वायदा

नूरियाला मधुमेह झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. "काळजी करू नका, बाई," डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं होतं, "पाच वर्षांत यावर कायमचा इलाज निघतोय." ती चौदाची झाली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनीही पाचच वर्षं सांगितली. ती चोवीसची झाली तेव्हा परदेशात शिकून आलेल्या तिसऱ्यांनी तर फळ्यावर चित्र काढून दाखवलं: इथे नव्या पेशी बसवायच्या, की झालं! किती दिवस लागतील? पाच वर्षं.

आता नूरिया एकावन्नची होती. कुवेतच्या हवामान खात्यात वरिष्ठ पदावर होती, कमरेला इन्सुलिनचा पंप होता, दंडावर साखर मोजणारी चकती होती, आणि डॉक्टरांना टोमणे मारण्याची हौस तसूभरही कमी झाली नव्हती.

"आमचा धुळीच्या वादळाचा अंदाज सहा तास चुकला तर अख्खं शहर आम्हाला शिव्या घालतं," ती डॉक्टर अबीरला म्हणायची. "तुमचा बेचाळीस वर्षं चुकतोय, तरी लोक तुम्हाला खजुराचे डबे आणून देतात."

अबीर वयाने तिच्यापेक्षा बरीच लहान, पण जिभेने तिच्या तोडीची. "तुम्ही कधी आणलात डबा?"

"आधी इलाज आणा."

"इलाज नाहीये. पण यावेळी आमच्याकडेही अंदाज आहे, अगदी तुमच्या धंद्यातला." अबीरने खुर्ची पुढे ओढली. "तुमच्यासारखा लहानपणीचा मधुमेह ज्यांच्या घरात आहे, त्या घरातल्या मुलांचं रक्त आम्ही तपासतोय. आजार यायच्या कितीतरी आधी कळतं. भावाची मुलगी आहे ना तुमच्या? घेऊन या."

नूरियाचा भाऊ बर्राक तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. त्याला बऱ्याच वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी म्हणजे अकरा वर्षांची लूलवा. शुक्रवारच्या जेवणात, माशाच्या भाताचं ताट मध्ये असताना, नूरियाने विषय काढला. बर्राकने नाक मुरडलं, पण लूलवाच म्हणाली, "मी जाते आत्याबरोबर. बाबांना सुईची भीती वाटते, मला नाही." झालं. दोघी जाऊन रक्त देऊन आल्या.

तीन आठवड्यांनी अबीरचा फोन आला. यावेळी ती थट्टेला थट्टा करेना, तेव्हाच नूरियाला कळलं.

पुढच्या तपासण्यांनी शिक्कामोर्तब झालं. लूलवाचं शरीर इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशींवर उलटलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं, मुलगी रोज पोहत होती, पण रक्तातली साखर आताच जरा डळमळायला लागली होती. आजार येणार, हे जवळजवळ नक्की होतं. कधी, एवढाच प्रश्न.

बर्राक दवाखान्याच्या वाहनतळावरच बहिणीवर तुटून पडला. "ठणठणीत होती माझी पोर! तुला कोणी सांगितलं होतं उकरायला? स्वतःला झालं ते कमी पडलं का तुला?"

नूरिया सरळ गाडीत बसून निघून गेली. पुढचे दोन शुक्रवार ती भावाकडे जेवायला गेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात बर्राकची बायको बद्रियाने फोन केला. "या हो, वन्सं. तुमच्या भावाने नवीन नाटक सुरू केलंय. डॉक्टर म्हणतात औषध आहे, आणि हे म्हणतात नको."

नूरिया तडक गेली. बर्राक बैठकीत एकटाच चहा ढवळत बसला होता, त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"औषध बरं करत नाही," तो कपाला सांगितल्यासारखा म्हणाला. "नुसतं लांबवतं. चौदा दिवस रोज हाताला सलाईन लावायची, आणि मिळणार काय? दोन वर्षं, तीन वर्षं. तीही सरासरी! एखाद्याला तेवढंही नाही. त्यापेक्षा मी थांबतो. पाच वर्षांत खरा इलाज येतोय म्हणे."

नूरियाला हसू आवरेना. ती इतकी हसली की बद्रिया आतून धावत आली.

"हसतेस काय?"

"अरे, हे वाक्य मी आईच्या मांडीवर बसून ऐकलंय! मला वाटलं होतं फक्त डॉक्टरच ते म्हणतात. आता तूही लागलास?" मग ती त्याच्या समोरच बसली. "हे बघ बर्राक, इलाज येईलही. येवो बाबा. मी त्या दिवशी नाचेन. पण तोवर दोन वर्षं म्हणजे काय, ते मला विचार. मला नवव्याऐवजी बाराव्या वर्षी झाला असता, तर मी शाळेच्या सहलीला फैलका बेटावर गेले असते. आई नाही म्हणाली. मी वर्गात एकटीच बसून शिपाईबाईंबरोबर शब्दकोडी सोडवली. तीन वर्षं मी कुणाकडे मुक्कामाला गेले नाही. मला नुसती तहान लागली तरी, साखर वाढली असेल म्हणून, आईचा चेहरा पांढराफटक पडायचा. बाराव्या वर्षी मी स्वतः सुई टोचू शकले असते, भांडू शकले असते. नऊ वर्षांची पोर काय भांडणार?"

बर्राकने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तुझ्यामुळे घरात पाकातले गोड लुगैमात तळायचे बंद झाले होते. मी पाच वर्षांचा. मी देवाला सांगायचो, हिला आजीकडे पाठव, म्हणजे आई परत तळेल."

"मला ठाऊक आहे. मोठ्याने सांगायचास."

तो हसला आणि त्याचे डोळे भरून आले. "तिला काही झालं तर, नूरिया?"

"झालं तर मी आहे. कुवेतमध्ये माझ्याइतका अनुभवी माणूस तुला शोधून सापडणार नाही."

दारामागून सगळं ऐकत उभी असलेली लूलवा आत आली. "मला विचारणार आहात की नाही कोणी? मी घेणार आहे औषध. पण पोहण्याच्या शर्यती झाल्यावर."

शर्यतीत ती चौथी आली. दुसऱ्याच दिवसापासून उपचार सुरू झाले. नूरियाने रजा घेतली आणि रोज तिच्या खाटेशी बसली. बर्राकही यायचा, पण सुई टोचताना भिंतीवरची सूचना वाचत उभा राहायचा. "बाबा, पाठ झाली का?" लूलवा विचारायची.

पाचव्या दिवशी तिच्या अंगावर लाल पुरळ उठलं आणि तीनदा उलटी झाली. बर्राक उसळला, "बास! काढा ते!" अबीरने शांतपणे रक्ताचे आकडे दाखवले. हे होतं, उतरतं, धोका दिसला तर मी स्वतः थांबवेन, म्हणाली. हट्ट धरून आपणच हे घडवून आणलं, हे नूरियाला आत टोचत होतं. तिने लूलवाकडे बघितलं.

"पुरळ चेहऱ्यावर आहे का?" लूलवाने विचारलं.

"नाही."

"मग चालू राहू दे."

आठव्या दिवशी पुरळ ओसरलं. चौदाव्या दिवशी ती घरी गेली, आणि अबीरच्या टेबलावर खजुराचा डबा आला. "इलाज म्हणून नाही हं," नूरियाने बजावलं. "उधारीवर."

त्याला आता अडीच वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी लूलवाची तपासणी होते, साखर कधी किंचित वर, कधी नीट. कुणी कसलं वचन देत नाही. लूलवा तेराची झाली, उंचीने आईला मागे टाकलं, आणि गेल्या हिवाळ्यात शाळेबरोबर वाळवंटात तंबूत चार रात्री राहायला गेली. एकही फोन केला नाही. बर्राकला झोप लागली नाही. नूरियानेही तीनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला, आणि स्वतःलाच दटावलं.

चौथ्या दिवशी बर्राकचा घाबराघुबरा फोन आला. "ये लवकर! दवाखान्यात आहोत! पोर पडली!"

नूरिया गाडी हाणत पोहोचली. लूलवा वाळूने माखलेली, हात गळ्यात बांधलेला. टेकडीवरून घसरताना मनगट मुरगळलं होतं, बस. साधं, नेहमीचं, कुणाच्याही पोरीचं मुरगळतं तसं. नूरियाला इतकं बरं वाटलं की ती हसलीच, आणि बर्राकने तिच्याकडे रागाने बघितलं.

तरुण डॉक्टर कागद भरत होता. "आधीचा काही आजार? दमा, मधुमेह?"

"अजून नाही," लूलवा म्हणाली, आणि चांगल्या हाताने डोक्यातली वाळू झाडू लागली.