निवळलेले पाणी

मयूर विहारमधल्या त्या मराठी सोसायटीत, पार्किंगच्या मागे, यशोधनने उभारलेली काचेची टाकी होती. घराघरांतले न्हाणीचे आणि मोरीचे पाणी तिच्यात येई. शेवाळ त्यातली घाण खाऊन वाढे. पाणी बागेला जाई आणि वाळवलेले शेवाळ कुंड्यांना खत म्हणून. टाकी ठेवायची की काढायची, हे आज कमिटी ठरवणार होती. आणि गेले काही दिवस रोज सकाळी टाकीतली हिरवाई तळाशी मेल्यासारखी निजलेली आढळत होती.

कुणीतरी काहीतरी टाकत होते. विचारायचे धाडस यशोधनला नव्हते. तो नुसता माणसांचे हात पाहू लागला. जिन्यातल्या साध्या नमस्कारातही त्याला काहीतरी लपवलेले दिसे. सर्वांत जास्त संशय सेक्रेटरी विलासकाकांचा. तुझं डबकं काय म्हणतंय, असे ते चारचौघांत विचारत आणि हसत नसत.

आज उजाडताना तो स्कूटरच्या रांगेमागे लपून उभा राहिला. विलासकाका आलेच. मागे वळून पाहत त्यांनी टाकीत बोट बुडवले, हुंगले आणि ते निघून गेले. यशोधनच्या मनात कडवट समाधान पसरले. पण काकांचे हात तर रिकामे होते.

मग आल्या तळमजल्यावरच्या कुमुदिनीकाकू, त्याला रोज चहा देणाऱ्या. पदराआडून त्यांनी दोरीला बांधलेला पांढरा खडा काढला आणि पाण्यात गोल गोल फिरवू लागल्या. तुरटी.

तो पुढे आला.

"दचकवलंस रे," काकू म्हणाल्या. "आज मीटिंग ना तुझी? पहाडगंजला आई अशीच तुरटी फिरवायची, गढूळ पाणी आरशासारखं व्हायचं. हिरवं दिसलं तर विलास टाकी काढायला लावेल, म्हणून रोज फिरवतेय."

"काकू, ते हिरवंच तर काम करतं."

काकूंचा हात पाण्यातच थांबला.

कमिटी आली तेव्हा पाणी नितळ होते. सगळे खूश झाले. नुसते गप्प राहिले तरी टाकी वाचणार होती. विलासकाका मात्र त्याच्याकडे रोखून पाहत होते. यशोधनने काठी घेतली आणि तळ ढवळला. हिरवा गाळ उसळून पाणी झाकोळले.

"तुरटीनं खाली बसलं होतं," तो पुटपुटला. "खरं पाणी हे असं असतं." काकूंचे नाव त्याने घेतले नाही.

विलासकाकांनी पाण्यात बोट बुडवून हुंगले. "मला वाटलं, गुपचूप नळाचं पाणी भरून आम्हाला बनवतोयस. रोज येऊन क्लोरीनचा वास घेत होतो." मग इतरांकडे वळून म्हणाले, "राहू दे अजून महिनाभर. हिरवंच राहू दे."

यशोधनने मान हलवली. पण नजर, आता लागलेल्या सवयीने, त्यांच्या हातांकडेच गेली.